पान एकसष्ट ते ऐंशी

वाचतोय, हो. का, वाचायचं नाही का? बांधायला दिलंय, वाचायला नाही — बरोबर आहे तुमचं सर, एकतीस वर्षं मीही हेच म्हणत आलो. बाइंडरनं वाचायचं नसतं. वाचत बसलं की हात थांबतो, हात थांबला की गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जातं. पण गेले तीन आठवडे मी वाचतो. जे टेबलावर येईल ते वाचतो. सकाळी एका वकिलाच्या फायली वाचल्या, काल दवाखान्याची जुनी रजिस्टरं — कुणाला किती ताप होता ते सगळं वाचलं. तुम्ही बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय हलतो, ह्या पेटीवर बसा. पहिली प्रत दाबात आहे, पाठीवरचा सरस ओला आहे अजून, तो वाळल्याशिवाय मी हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नका. अर्धा तास. चार वाजता माझी मुलगी यायचीय, तोवर एक प्रत तुमच्या हातात देतो. उरलेल्या चारांचं बघू.

आणि वाचावं लागतंच सर, नुसतं आतलं नाही, वरचं तरी. सोनेरी अक्षरं छापायची म्हणजे अक्षरांचे खिळे एकेक हातानं जुळवायचे. 'विद्यार्थी शुल्क आणि शुल्काचा मोबदला — समितीचा अहवाल'. खाली तुमचं नाव, अध्यक्ष म्हणून. एवढं जुळवायचं तर दहा वेळा डोळ्यांखालून जातं, मग म्हटलं बघू तरी, काय मोबदला मिळतो. पहिल्याच पानावर लिहिलंय — ब्याण्णव टक्के विद्यार्थी समाधानी. ब्याण्णव. शंभरातली ब्याण्णव पोरं म्हणतात, आम्ही भरलेल्या पैशाचं सोनं झालं. मला सांगा, हे त्यांना विचारलं कधी? मी सांगतो कधी विचारलं. निकाल लागला त्या दिवशी. आधी फॉर्म भरा, सगळे गोल काळे करा, मगच निकालाचं पान उघडणार. अहो, त्या घटकेला पोराला विचारलं की तुझ्या घराची चावी देतोस का, तर तीही देईल. तुम्हाला ठाऊक नव्हतं हे? अध्यक्ष आहात ना तुम्ही? असू द्या. मला ठाऊक आहे, कारण माझ्या मुलीनं भरला तो फॉर्म, इथंच, ह्याच पेटीवर बसून, मोबाइलवर. 'अत्यंत समाधानी', 'अत्यंत समाधानी', खालपर्यंत. मी विचारलं, वाचून तरी भर. ती म्हणाली, बाबा, वाचायचं काय त्यात.

नाही, माझं भांडण फीशी नाहीच. वस्तू महाग असली तरी हरकत नाही, वस्तू असायला पाहिजे. आता हे बघा — तुम्ही मला शिवण बांधणीचे पैसे देता. मी जर वर आणि खाली दोन बोटं सरस फासला, मध्ये टाका एक नाही घातला आणि वरून झकास रेक्झिन चढवलं, सोनेरी अक्षरं ठोकली, तर तुम्हाला कळेल? नाही कळणार. वर्षभर नाही कळणार. पण मला लोक फसवा म्हणतील, आणि ते बरोबरच म्हणतील. तुमच्याकडं काय आहे ते मी पाहिलंय. फाटक बघितलं, नवीन, त्यावर दिवे. कारंजं बघितलं. पावतीवर विकास निधी असतो, ग्रंथालय असतं, ओळखपत्राचे वेगळे, परीक्षेचे वेगळे. सगळं भरलं मी, कुरकुर न करता. पण मी काय विकत घेत होतो ते मला पक्कं माहीत होतं. मला फाटक नको होतं. माझी पोर डोकेफोड करून काहीतरी लिहील आणि तिच्यापेक्षा जास्त शिकलेला एक माणूस ते बसून वाचेल — शेवटपर्यंत — आणि म्हणेल, इथं चुकलंस, इथं बरोबर आहेस. बस. एवढंच. आमच्या घरात तसं वाचणारं कुणी नाही ना, म्हणून पैसे भरून माणूस शोधला. दुसरं काय असतं हो त्या फीमध्ये?

हो, तुमच्याच विभागात होती. सांगतो, सांगतो. तुम्ही घड्याळ बघू नका, सरस घड्याळ बघून वाळत नाही.

आधी आमची कामाची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. प्रबंध येतो तो सुट्या पानांचा गठ्ठा येतो. वीस-वीस पानांची चळत, मध्ये रंगीत चिठ्ठी. आम्ही चळती एकावर एक लावतो आणि डाव्या अंगठ्यानं खालचा कोपरा फरकन सोडत जातो — असं — नजर फक्त खालच्या आकड्यावर. एकोणसाठ, साठ, एकसष्ट, बासष्ट. आकडा चुकला नाही म्हणजे प्रबंध चुकला नाही. वर काय लिहिलंय, ते कोंबडीचं आहे की कवितेचं, त्याच्याशी मला देणंघेणं नाही. आणि तुमच्या विद्यापीठाचा नियम असा की कागद एक, अक्षर एक, समास एक. सगळे प्रबंध एकाच साच्यातून काढल्यासारखे. बरं दिसतं, शिस्त दिसते. पण एका टेबलावर दोन प्रबंध पडले की आमच्यासारख्याची पंचाईत होते, हे नियम करणाऱ्याच्या ध्यानात यायला नको? नाही आलं. माझ्याही नाही आलं.

गेल्या वर्षी, जमा करायच्या आदल्या दिवशी, दोन गठ्ठे होते टेबलावर. एक माझ्या मुलीचा. एक त्या — मी त्याला कोंबडीवाला म्हणतो, नाव लक्षात नाही, चष्मेवाला मुलगा, कोंबड्यांच्या खाद्यावर लिहिलं होतं त्यानं. दोघांच्या चार-चार प्रती. मी अंगठा फिरवला. साठ, एकसष्ट, ऐंशी, एक्क्याऐंशी. बरोबर. बांधलं, कापलं, छापलं, दिलं.

तीन आठवड्यांपूर्वी आमचा रद्दीवाला आला. तुमच्या विभागानं कपाटं रिकामी केली म्हणे, नवीन फर्निचर येणार म्हणून. जुने प्रबंध माझ्याकडेच आणतो तो — आतला कागद त्याचा, पुठ्ठे माझे. चांगला पुठ्ठा असतो, मीच घातलेला असतो ना, परत वापरता येतो. मी एकेकाची कातडी सोलत होतो आणि हातात माझ्या पोरीचा आला. निळं रेक्झिन. तिच्यासाठी म्हणून मी चांगल्यातलं काढलं होतं. आतल्या पानावर विभागाचा शिक्का, 'परीक्षकाची प्रत'. एक वर्ष, सर. त्याच्या वर एक दिवस ठेवला नाही तुम्ही. मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. कपाट भरतं, कळतं मला. मी तो मधोमध उघडला आणि पाठ कडकन वाजली.

तुम्हाला हे ठाऊक नसेल. नवी बांधणी पहिल्यांदा मधोमध उघडली की पाठीतला सरस मोडतो, आवाज येतो. एकदाच येतो. दुसऱ्यांदा उघडलं की गप. म्हणजे ते पुस्तक माझ्या टेबलावरून गेलं, एक वर्ष तुमच्या इमारतीत राहिलं, परत माझ्या टेबलावर आलं, आणि मध्ये कुणी उघडलंच नाही. पुढची पाचसात पानं मऊ होती, तिथं बोटं लागलेली. अनुक्रमणिकेवर लाल शाईची बरोबरची खूण. शेवटचं एक पान जरा दुमडलेलं. मधलं सगळं कोरं करकरीत. आणि उघडलं ते पान बहात्तर. वर लिहिलेलं — अंडी घालणाऱ्या कोंबडीला रोज किती मक्का लागतो. खाली तक्ता.

हसू नका. नाही, हसा. मीही हसलो असतो, पण माझी पोर कोंबड्यांवर लिहीत नव्हती. तिचा विषय छोट्या कारखान्यांतल्या कामगारांची दुखणी. वेल्डर, शिंपी, छापखान्यातले, अशा माणसांचं अंग कसं झिजतं आणि ते कसं लपवतात. आणि चौथं प्रकरण, पान एकसष्ट ते ऐंशी, सगळंच्या सगळं कोंबड्यांचं. खाद्य, पाणी, लस, मरतूक. त्या प्रतीत तिचं चौथं प्रकरण नाहीच. माझ्याच हातून चळत बदलली गेली. आकडे बरोबर, पानं बरोबर, मजकूर दुसऱ्याचा. म्हणजे कोंबडीवाल्याच्या एका प्रतीत माझ्या पोरीचे कामगार गेले असणार. त्यालाही पहिला वर्ग मिळालाय, मी चौकशी केली.

आणि आता तुमच्याकडं येतो. तुम्ही मूल्यमापनाचा कागद दिलात ना तिला — त्यावर शेवटच्या ओळीत काय लिहिलंय, मला पाठ आहे, कारण तिनं तो घरी मोठ्यानं वाचला, तिच्या आईला वाचून दाखवला, फोनवर मावशीला वाचून दाखवला, आणि मग तिच्या टेबलाच्या वर भिंतीला लावला. 'प्रकरण चारमधील विश्लेषण विशेष उल्लेखनीय.' खाली सही. तीच सही जी ह्या अहवालाच्या शेवटच्या पानावर आहे. मी दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या.

हो सर. तीच मुलगी. आठवली? नाही आठवली. उंच, केस आखूड, पहिल्या बाकावर बसायची. नाही. जाऊ द्या.

मेलवर वाचलं असेल? हां. असेल, असेल. मीही स्वतःला हेच सांगितलं पहिले चार दिवस — कागदावर नसेल वाचलं, कॉम्प्युटरवर वाचलं असेल, आजकाल तसंच करतात. मग सांगा ना, चौथ्या प्रकरणात काय होतं? नाही, परीक्षा नाही घेत, गप्पा मारतोय. विशेष उल्लेखनीय होतं म्हणता, तर त्यातलं एक काहीतरी आठवत असेल. एखादा माणूस. एखादी गोष्ट. — सर्व्हे होता. हो. सर्व्हे सगळ्याच प्रबंधांत असतो, सर. कोंबड्यांच्यातही होता.

साठ मुलं असतात तुमच्याकडं, मान्य. तीन जागा रिकाम्या, त्यांचं कामही तुमच्यावरच, मान्य. त्यात हे समित्यांचं. मला पटतं, टोमणा नाही मारत. पण मला सांगा, मी एकटा, मोठं मशीन नाही, दिवसाला फार तर दहा बांधणी होतात माझ्यानं. मी साठ गिऱ्हाइकांकडून पैसे घेतले आणि पन्नासांना नुसता पुठ्ठा चिकटवून दिला तर? तुम्ही म्हणाल, बाबा रे, झेपत नव्हतं तर घ्यायचे नाहीस. आणि नाहीच वाचलं तर नाही वाचलं. लिहायचं ना, 'ठीक'. 'ठीक' लिहिलं असतंत तर मी आज तुम्हाला चहा पाजून पाठवलं असतं. खोटं का लिहिलंत? तेही इतकं चांगलं खोटं. आमची पोर त्या एका ओळीवर वर्षभर जगलीय हो.

थांबा. मी फार शहाणपण शिकवतोय, आणि एक गोष्ट गाळतोय. नाही सांगितली तरी चाललं असतं. पण तोंड उघडलंच आहे.

त्या कोंबड्या बघितल्या ना, तेव्हा पहिल्यांदा मला काय वाटलं? राग? नाही. हायसं वाटलं. एकतीस वर्षांत एक पान इकडचं तिकडं झालं नाही अशी माझी ख्याती, आणि चूक केली ती घरच्याच प्रबंधात — पण कुणाच्या लक्षात आली नाही. वाचलो. असं वाटलं मला. शपथेवर सांगतो, पोरीचा विचार नंतर आला. आणि दुसरी गोष्ट. मीही वाचला नव्हता. बांधायच्या आधी तिनं म्हटलं होतं, बाबा, चौथं तरी वाचा, वीस पानं आहेत. मी म्हटलं, हंगाम आहे गं, हे सगळे बांधून होऊ दे, मग निवांत वाचतो. तिची स्वतःची प्रत वर्षभर आमच्या कपाटात होती. नीट आहे ती, त्यात तिचंच प्रकरण आहे. रोज त्या कपाटातून मी शर्ट काढतो. एकदाही हात लावला नाही. रद्दी हातात आली त्या दिवशी घरी गेलो, दार लावलं आणि वाचलं.

अकरा कामगार आहेत चौथ्या प्रकरणात. नावं नाहीत, आकडे दिलेत. सातवा पुस्तकबांधणीवाला, वय सत्तावन्न. लिहिलंय — मुलाखतीत ह्या कामगाराने कोणतेही दुखणे नसल्याचे सांगितले. निरीक्षण वेगळे आहे. त्याच्या डाव्या अंगठ्याला जाणीव कमी झाली आहे. कप धरताना तो तळहातात दाबून धरतो. शर्टाची बटणे एका हाताने लावतो. हे त्याने घरात कुणालाही सांगितलेले नाही. — हा तो अंगठा. ह्यानंच पानं मोजतो मी. त्याला चळतीची जाडी कळली नाही, वरची चिठ्ठी सरकलेली कळली नाही, म्हणून तर झाली असेल चूक, कोण जाणे. ती महिनाभर इथं वही घेऊन बसायची, मी थट्टा करायचो, म्हणायचो लिहा साहेब, लिहा, मजुराला काही दुखत नाही. तिला सगळं दिसत होतं. तिनं ते लिहिलं, मला सांगता येत नव्हतं म्हणून लिहिलं असेल, आणि म्हणाली वाचा. मी ते काढून तिथं कोंबड्या घातल्या.

नाही, पाणी नको. बसा.

आता बघा कुठं येऊन थांबलंय. तिला नोकरीचं पत्र आलंय. मोठ्या कारखान्यात, कामगारांच्या आरोग्याचं काम बघायचं, म्हणजे तिचंच काम. तिनं ते नको म्हणायचं ठरवलंय. का? सरांना माझं चौथं प्रकरण आवडलंय, सर म्हणतात पुढं संशोधन कर, चौथ्या प्रकरणाचाच विस्तार कर. तुम्हीच म्हणालात ना, जिन्यात भेटली तेव्हा? तेही आठवत नाही. त्या संशोधनाच्या प्रवेशाची फी भरायची शेवटची तारीख उद्या आहे. चार वर्षांची वाट आहे ती. तिकडं बघा, खिडकीखाली, फरशीवर चार भोकं दिसतात का? तिथं मोठं कटिंग मशीन होतं. गेल्या महिन्यात विकलं. चेक ह्या खणात आहे, चार वाजता न्यायला येतेय ती. आणि मी तीन आठवडे रोज ठरवतोय की आज सांगतो, आज सांगतो. तिला जायचं असेल तर जाऊ दे, मी दुसरंही मशीन विकीन. पण तुमच्या त्या ओळीसाठी जायला नको. ती ओळ कोंबड्यांना मिळालीय.

काय म्हणालात?

पुन्हा म्हणा, नीट ऐकू नाही आलं.

तिला सांगू नका. उगीच तिचं मन कशाला मोडायचं. प्रकरण चांगलंच असणार, नाहीतरी. — हे तुम्ही म्हणता. सर, हेच वाक्य, ह्याच शब्दांत, मी एकवीस दिवस स्वतःला ऐकवतोय. मला वाटायचं, बापाची माया आहे ही. आज तुमच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं, ही माया नाही. आपली दोघांची झाकली मूठ आहे. तुमची सही आणि माझा अंगठा.

पाकीट आत ठेवा. ही पहिली प्रत, अजून ओली आहे, तशीच न्या. हे उरलेल्या चार प्रतींचे कागद, हा गठ्ठा, ही सुतळी. मी नाही बांधणार. राग म्हणून नाही — हो, राग म्हणूनच. पुढच्या चौकात दुसरा बाइंडर आहे, तो वाचत नाही. आणि हे घ्या, वीस पानं, मी झेरॉक्स काढून ठेवलीत. एकसष्ट ते ऐंशी. तुमची उधारी आहे ती. वाचा न वाचा.

थांबा, जिन्यात पावलं वाजतायत. तीच आहे, दोन-दोन पायऱ्या चढते. उठू नका. — नाही, उठाच. निघा तुम्ही. तिच्यासमोर हसून काही छान बोलाल आणि मला पुन्हा गप्प बसावंसं वाटेल. बाजूनं जा, डोकं सांभाळा, चौकट बुटकी आहे.

ये गं. हो, तुझेच सर. घाईत आहेत, जाऊ दे त्यांना. चेक खणात आहे, पळून नाही जात. आधी बस. त्या स्टुलावर नको. इथं, पेटीवर. तुझं चौथं प्रकरण मी वाचलं.